अंगठ्याचे काळे पडलेले नख: पहिले दोन दिवस आणि पुढचे वर्ष

पायाच्या अंगठ्यावर जड वस्तू पडून नख काळेनिळे झाले की आजूबाजूच्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो: नख राहणार की जाणार? गेल्या पावसाळ्यात भरलेला गॅस सिलिंडर माझ्या उजव्या अंगठ्यावर कलंडला, तेव्हा घरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी मला हेच विचारले. मी निवृत्त शिक्षिका आहे, वैद्यकीय क्षेत्रातली नाही. परंतु या दुखण्यातून जाताना जे अनुभवले, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले आणि नंतर जे वाचले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न खरे तर सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. पहिल्या दोन दिवसांत हाड, त्वचा आणि नखाखालचा दाब यांच्याकडे तातडीने पाहायला हवे आणि त्यानंतर वर्षभर नखाला शक्यतो हातच लावू नये. आपल्याकडे नेमके उलटे घडते. पहिले दोन दिवस ‘मुका मार आहे, उतरेल’ म्हणून दुखणे अंगावर काढले जाते आणि पुढे नख सैल झाले की मात्र कुणी ते ओढून काढते, कुणी त्याखाली सुई घालून पाहते, कुणी रोज नवा लेप लावते.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजनही साधारण तेवढेच किंवा थोडे अधिक भरते, म्हणजे भरलेली टाकी जवळजवळ ३० किलोंची होते. ती उचलून नेणे शक्य नसल्यामुळे आपण सगळेच ती बुडाच्या लोखंडी कडीवर कलती करून, वरची मूठ धरून, गरागरा फिरवत ओट्याखाली नेतो. ओल्या फरशीवर ती कडी घसरते आणि सगळा भार एका बोटाएवढ्या रुंदीच्या लोखंडी काठावरून थेट अंगठ्यावर येतो. पाटा-वरवंटा, पलंगाचा पाय, पाण्याने भरलेला हंडा किंवा अंगणात अनवाणी चालताना लागलेली ठेच, यांतले काहीही निमित्त असू शकते. नखाच्या आत घडते ते सारखेच.

ते काय घडते हे समजले की पुढचे उपचार आपोआप समजतात. नखाची कडक पाटी म्हणजे केरॅटिनचा निर्जीव थर. तिला ना रक्तपुरवठा असतो ना संवेदना. तिच्या खाली जी गुलाबी, नाजूक गादी दिसते, तिच्यात मात्र रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दाटीने भरलेले असतात आणि ही गादी जवळजवळ थेट हाडाला चिकटलेली असते, मध्ये चरबीची मऊ घडी म्हणावी अशी फारशी नसते. मार बसला की गादीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. हेच दंडावर किंवा मांडीवर झाले असते तर रक्त आजूबाजूला पसरून हिरवेनिळे डाग उमटले असते. इथे खाली हाड, वर कडक नख आणि तिन्ही बाजूंनी नखाच्या कडेची घट्ट कातडी, त्यामुळे रक्ताला जायला वाट नसते. ते जागच्या जागी साकळते, दाब वाढतो आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ठणका बसतो. दुखापत लहान दिसते आणि वेदना मात्र माणसाला रात्रभर जागवते, याचे कारण हा कोंडलेला दाब आहे. पाय खाली सोडला की ठणका वाढतो आणि उंचावर ठेवला की थोडा उतरतो, त्याचेही कारण तेच.

पहिल्या तासाभरातली एक गोष्ट मला सर्वांत आधी सांगायची आहे, कारण दुखापतीवरच्या सर्वसाधारण सूचनांत ती क्वचितच आढळते आणि आपल्याकडच्या बायकांना ती नेमकी लागू पडते. पायाला मार बसताच, सूज चढण्यापूर्वी, त्या पायातली जोडवी काढावीत. मार अंगठ्याला बसला असला तरी सूज शेजारच्या बोटांवर उतरते आणि मग जोडवे बोटाच्या बुडाशी आवळून बसते, पुढचा रक्तप्रवाह अडतो आणि बोट जांभळे पडू लागते. जोडवी हे सौभाग्याचे लेणे असल्यामुळे अनेक जणींना, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर, ती काढायला संकोच वाटतो. परंतु सूज उतरल्यावर ती पुन्हा घालता येतात, आणि अडलेल्या रक्तप्रवाहामुळे बोटाची झालेली हानी मात्र भरून येईलच असे नाही. चांदीची, टोके न जोडलेली जोडवी असतील तर ती हाताने थोडी फाकवून निघतात. अखंड वेढे असतील तर खोबरेल तेल किंवा साबणाचा फेस लावून, पाय वर धरून, गोल फिरवत काढावीत. तेवढ्यानेही निघाली नाहीत तर जाड दोऱ्याची युक्ती उपयोगी पडते. दोऱ्याचे एक टोक जोडव्याखालून पावलाच्या बाजूला काढून घ्यायचे, उरलेला दोरा जोडव्यापासून बोटाच्या टोकाकडे एकाला एक लागून घट्ट गुंडाळायचा आणि मग पावलाकडचे टोक धरून तो हळूहळू उलगडत न्यायचा. उलगडणाऱ्या दोऱ्याबरोबर जोडवे पुढे सरकत येते. बोट आधीच काळपट पडले असेल किंवा सुन्न झाले असेल तर घरी खटपट करत बसू नये, दवाखान्यात वेढा कापून काढतात. माझ्या जाऊबाईंनी माझी जोडवी तिथल्या तिथे, फरशीवर बसूनच काढली, आणि त्या प्रसंगावधानाबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे.

त्यानंतर पाय उशांवर, छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. बर्फाचे खडे पंचात किंवा सुती रुमालात गुंडाळून पंधरा मिनिटे लावावेत, मग तासा-दोन तासांची उसंत देऊन पुन्हा लावावेत. बर्फ थेट कातडीला लावू नये, आणि ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहामुळे कमी झाली आहे त्यांनी तर विशेष जपावे, कारण गारठ्याने कातडी दुखावली तरी त्यांना ते कळत नाही. गरम पाण्याचा शेक ही आपल्याकडची पहिली माया असते. सासूबाईंनी प्रेमाने पाणी तापवायला ठेवलेही होते. पण पहिल्या दोन दिवसांत उष्णतेने रक्तवाहिन्या फैलावतात आणि नखाखाली आणखी रक्त उतरते, म्हणून शेक टाळावा. आंबेहळद, रक्तचंदन, तुरटी यांच्या लेपांची परंपरा मोठी आहे आणि कातडी अखंड असलेल्या मुक्या मारावर ते लावण्यात वावगे आहे असे मी म्हणणार नाही. मात्र नखाखालच्या रक्तापर्यंत कुठलाच लेप पोहोचत नाही, आणि नखाची कड जराही फाटली असेल तर हळद-चुना किंवा तत्सम काहीही तिथे भरू नये. जखम खराब होते ती एक गोष्ट. दुसरी अशी की डॉक्टरांना खालचे काही दिसत नाही आणि ते सगळे खरवडून धुण्यात रुग्णाचा जीव जातो.

वेदनेसाठी प्रौढ माणसाने पॅरासिटामॉल घेणे सामान्यतः सुरक्षित असते, ५०० ते ६५० मिलिग्रॅमची गोळी, दोन गोळ्यांच्या वेळांत सहा तासांचे अंतर राखून. यकृताचा आजार असलेल्यांनी मात्र आधी विचारून घ्यावे. औषधांच्या दुकानातून ‘दुखण्याची गोळी’ म्हणून जी मिळते, तिच्यात पुष्कळदा पॅरासिटामॉलबरोबर डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन असते. ही औषधे जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना बाधू शकतात. शिवाय त्या गोळीवर वेगळे पॅरासिटामॉल घेतले तर नकळत दुहेरी मात्रा पोटात जाते. पाकिटावरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत. दुखणे शमवण्यासाठी ॲस्पिरिन घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो; पण हृदयविकारासाठी ते आधीपासून चालू असेल तर मनाने बंदही करू नये.

आता दवाखान्याविषयी. माझा अपघात संध्याकाळचा होता, रात्र ठणक्यात गेली आणि सकाळी आम्ही साताऱ्यातल्याच एका तरुण डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी नखाकडे आधी पाहिलेच नाही. अंगठा वर-खाली हलवायला सांगितला, टोकाशी कापसाने स्पर्श करून संवेदना तपासली, पेराच्या हाडावरून बोट फिरवत नेमके कुठे दुखते ते पाहिले आणि मग नखाच्या चारही कडा भिंगाखाली न्याहाळल्या. कड फाटली आहे का, नख मुळाशी कातडीच्या घडीतून वर उचकटले आहे का, नखालाच चीर गेली आहे का, हे त्या पाहत होत्या. यांपैकी काहीही असेल तर आतली गादी फाटल्याची शक्यता मोठी असते आणि उपचार बदलतो. गादीला टाके घालावे लागू शकतात. एक्स-रेमध्ये माझ्या अंगठ्याच्या शेवटच्या पेराच्या टोकाला बारीक तडा दिसला. जड वस्तूच्या माराने नखाखालचे हाड असे तडकणे मुळीच दुर्मीळ नाही, म्हणून नख बऱ्यापैकी काळे झाले असेल किंवा हाडावर दाबून दुखत असेल तर एक्स-रे काढावाच. टोकाचा तडा जागेवरून हललेला नसेल तर प्लास्टरची गरज पडत नाही. तळ कडक असलेली पादत्राणे आणि चार ते सहा आठवड्यांची काळजी पुरते. तडा सांध्यापर्यंत गेला असेल किंवा हाडाचे तुकडे सरकले असतील तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण चालताना शरीराचा भार पुढे ढकलण्याचे काम अंगठाच करतो.

लहान मुलांच्या बाबतीत तर अधिक सावध राहायला हवे. मुलांच्या पेराच्या बुडाशी वाढीचा मऊ पट्टा असतो आणि तो नखाच्या मुळाला अगदी लागून असतो. दारात बोट चेमटले किंवा अनवाणी पळताना जोरात ठेच लागली की त्या पट्ट्यातून हाड मोडू शकते आणि त्याच वेळी नखाचे मूळ कातडीतून बाहेर येते. वरून पाहताना ‘नख जरा उचकटले आहे’ एवढेच दिसते, प्रत्यक्षात ते उघडे अस्थिभंग असते. जंतू थेट हाडापर्यंत जाऊ शकतात आणि वाढीला कायमची इजा होऊ शकते. मुलाच्या नखाच्या मुळाशी रक्त दिसत असेल आणि ते नख शेजारच्या बोटाच्या नखापेक्षा लांब झाल्यासारखे वाटत असेल तर पट्टी बांधून शाळेत पाठवू नये, त्याच दिवशी एक्स-रे करून घ्यावा.

माझ्या नखाच्या कडा शाबूत होत्या आणि निम्म्याहून अधिक नख जांभळे झाले होते. डॉक्टर म्हणाल्या, “काकू, नखाला एक बारीक भोक पाडते, म्हणजे आतलं रक्त निघून जाईल आणि ठणका थांबेल.” मी भूल देणार का असे विचारले. “नखाला संवेदना नसते. दाबल्यासारखं वाटेल, भाजल्यासारखं नाही,” त्यांनी सांगितले. पेनाएवढे उपकरण होते, त्याच्या टोकाची तार लालबुंद तापते. त्यांनी अंगठा आयोडीनने स्वच्छ केला आणि ती तार काळ्या भागाच्या मध्यावर टेकवली. जळक्या केसांचा वास आला, कारण केस आणि नख एकाच द्रव्याचे बनलेले आहेत. धुराची एक रेघ उठली, तार अचानक आत गेल्यासारखी वाटली आणि त्यांनी हात मागे घेतला. त्या मिलिमीटरभर छिद्रातून जवळजवळ काळे दिसणारे रक्त वर आले, फुगले आणि नखाच्या उतारावरून ओघळले. त्यांनी ते टिपले, पुन्हा एक थेंब आला, पुन्हा टिपले. तार गादीला भाजत नाही, कारण नखाच्या पलीकडे पोहोचताच ती तिथल्या रक्तात बुडून थंड होते. तिसऱ्या-चौथ्या थेंबाबरोबर रात्रभराचा ठणका असा ओसरला की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. ज्याने तो दाब सोसला आहे त्यालाच त्या सुटकेची किंमत कळेल.

हा उपाय वेळेचा बांधील आहे. पहिल्या २४ ते ४८ तासांत रक्त पातळ असते तोवरच ते छिद्रातून वाहते; नंतर ते गोठते, दाब आपोआप कमी होत जातो आणि मग भोक पाडण्यात काही लाभ उरत नाही. त्याचप्रमाणे डाग लहान असेल आणि दुखत नसेल तर पहिल्या दिवशीदेखील काही करण्याची गरज नसते. पूर्वी असे शिकवले जात असे की नखाचा चौथा हिस्सा किंवा निम्मे नख काळे झाले असेल तर ते संपूर्ण काढून खालची गादी तपासावी आणि शिवावी. १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांतून मात्र असे दिसले की नखाच्या कडा शाबूत असतील तर काळा भाग कितीही मोठा असला तरी नुसते छिद्र पाडून रुग्ण तितकेच चांगले बरे होतात. नख जागेवर असणे हेच गादीचे उत्तम संरक्षण असते. तरीही ‘नख काढूनच टाका’ असा आग्रह धरणारे रुग्ण अजून पुष्कळ येतात, असे डॉक्टरांनी मला सांगितले. तो आग्रह धरू नये असे मला मनापासून वाटते.

पेपरक्लिप किंवा टाचणी तापवून हे घरीच करण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. गोष्ट सोपी दिसते म्हणूनच ती धोक्याची आहे. निर्जंतुक नसलेले टोक हाडाला लागून असलेल्या जागेत जाते, किती जोर लावावा याचा अंदाज येत नाही, आणि खाली हाड मोडलेले आहे की नाही हे माहीत नसते. नखावर कृत्रिम नख चिकटवलेले असेल तर ते पेट घेऊ शकते. मधुमेह, पायाच्या रक्तवाहिन्यांचा विकार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे असतील तर हा प्रयोग घरी करूच नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रत्येक मोठ्या कुटुंबात कुणी ना कुणी असणारच. मधुमेहींच्या पायाची संवेदना गेलेली असेल तर नख काळे पडूनही दुखत नाही, आणि न दुखणे हे त्यांच्यासाठी चांगले लक्षण नव्हे. अशा व्यक्तीला नेमका केव्हा मार बसला हेही सांगता येत नाही. घरातल्या कुणीतरी त्यांचे पाय रोज संध्याकाळी उजेडात पाहावेत, बोटांच्या बेचक्यांसकट. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगावे.

कातडी फुटली असेल तर धनुर्वाताच्या लशीचा विचार करावा लागतो. जखम स्वच्छ असेल आणि पूर्ण लसीकरण झालेल्या व्यक्तीची शेवटची मात्रा दहा वर्षांच्या आत झाली असेल तर पुन्हा घ्यावी लागत नाही. माती, शेण किंवा गंजाने माखलेली जखम असेल तर हीच मुदत पाच वर्षांची धरतात. आता टीटीच्या जागी टीडी ही लस मिळते, तिच्यात घटसर्पापासूनही संरक्षण असते. पावसाळ्यातली आणखी एक खबरदारी शहरात राहणाऱ्यांसाठी सांगते. बोटाला उघडी जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. अशा लोकांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे आवाहन मुंबई महानगरपालिका पावसाळ्यात करत असते.

छिद्र पाडल्यानंतर दोन दिवस पाय कोरडा ठेवायचा, छिद्रावर निर्जंतुक गॉज सैलसर लावायचा आणि पाझर थांबला की तोही काढायचा, एवढीच माझी शुश्रूषा होती. लाली पावलाकडे सरकू लागली, पू दिसला, ताप आला किंवा ओसरलेला ठणका पुन्हा सुरू झाला तर लगेच यायचे, हे मात्र डॉक्टरबाईंनी दोनदा बजावले.

इथून पुढचा काळ धीराचा आहे. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याने, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास. अंगठ्याचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे यायला १२ ते १८ महिने लागतात. या गतीवर कुठल्याही तेलाचा, कॅल्शियमच्या गोळीचा किंवा बायोटिनच्या महागड्या डबीचा विशेष परिणाम होत नाही. आहारात खरोखरच कमतरता असेल तर गोष्ट वेगळी. काळे झालेले जुने नख काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गादीपासून सुटते, आणि मुळाशी येणारे नवे नख त्याला पुढे ढकलू लागते. माझ्या बाबतीत दिवाळीच्या सुमारास मुळाशी एक आडवी खाच उमटली. तिच्या मागे पातळ, किंचित खरखरीत, गुलाबी नख आणि पुढे तपकिरी, पोकळ वाजणारे जुने नख. कडेने ते एका बाजूला उचलले गेले होते आणि थंडीत गोधडीच्या टाक्यात अडकून अंगावर शहारा येई.

नेमक्या या टप्प्यावर हात शिवशिवतात. सैल नख ओढू नये. मुळाशी किंवा एका कडेला ते अजून जिवंत गादीला धरून असते आणि ओढताना नवी, कोवळी गादी त्याच्याबरोबर सोलून निघते. सुटलेला भाग तेवढा नेलकटरने थोडा-थोडा कापून टाकावा, उरलेल्या कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात आणि वर कागदी चिकटपट्टीचा एक वेढा घ्यावा, म्हणजे मोज्यात, साडीच्या काठात, पांघरुणात ते अडकत नाही. पट्टी रोज बदलावी आणि आंघोळीनंतर बोट पूर्ण कोरडे करून मगच लावावी, कारण सैल नखाखाली ओल राहिली की बुरशीला आणि नख हिरवट करणाऱ्या जिवाणूंना आयतेच घर मिळते. नख अपघाताने संपूर्ण निघालेच तर उघड्या गादीवर कोरडा कापूस कधीही ठेवू नये. तो वाळून चिकटतो आणि काढताना प्राण कंठाशी येतात. पॅराफिन लावलेली जाळीदार पट्टी मिळते ती ठेवावी, नाहीतर निर्जंतुक गॉजला पेट्रोलियम जेलीचा जाडसर थर द्यावा. दहा-पंधरा दिवसांत गादी टणक होते आणि मग तिला कशाचीच गरज राहत नाही.

पादत्राणांकडे आपण फार उशिरा वळतो. कोल्हापुरी चपलेचा अंगठा सुजलेल्या बोटात शिरत नाही आणि बळेच घातला तर दुखऱ्या जागेवरच घासतो. रबरी स्लिपर ओल्या रस्त्यावर घसरते आणि बोट उघडे राहते, म्हणजे दुसरी ठेच ठरलेली. पुढून बंद, बोटांपाशी रुंद आणि तळाशी न वाकणारी सँडल मला सर्वांत सोयीची वाटली. आमच्या भागातून सज्जनगड, अजिंक्यतारा, कास असे चालायला जाणारी मुले बरीच असतात आणि त्यांच्यापैकी अनेकांची नखे कुठलाही अपघात न होता काळी पडतात. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा दर पावलाला बुटाच्या नाकावर आपटतो. शेकडो बारीक मारांनी एका मोठ्या माराचे काम होते. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून घ्यावेत, सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी, उतार सुरू होण्यापूर्वी घोट्याजवळची नाडी घट्ट आवळावी आणि नखे आधीच सरळ रेषेत कापावीत. कडा गोलाकार, खोल कापण्याची सवय नव्या नखाला विशेष बाधते. नख नसलेल्या काळात बोटाच्या टोकाचे मांस किंचित वर येते आणि वाढत येणारे नख त्यात रुतते. रोज रात्री खोबरेल तेल लावून ते मांस खाली आणि मागे हलके दाबत राहण्याचा सल्ला मला मिळाला होता आणि तो मला मानवला.

नवे नख जाड, वाकडे किंवा रेघारेघांचे येऊ शकते. नखाच्या मुळाला इजा झाली असेल तर ते तसेच राहते. नसेल तर दुसऱ्या फेरीत, म्हणजे आणखी वर्षभराने, पुष्कळ सुधारते. पिवळट आणि जाड दिसले म्हणजे बुरशीच असे नाही. बुरशीवरच्या गोळ्या पायाच्या नखासाठी साधारण १२ आठवडे घ्याव्या लागतात, म्हणून आधी नखाचे कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावेत.

शेवटी त्या काळ्या डागाविषयी, जो रक्ताचा नसतो. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या बोटाच्या नखाखाली १९७७ मध्ये मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्यपेशींचा कर्करोग, आढळला. तो सुरुवातीला फुटबॉल खेळताना लागलेल्या माराचा परिणाम समजला गेला होता. ११ मे १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, ते गेले. हा आजार दुर्मीळ आहे. परंतु आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत मेलानोमा झालाच तर तळवे आणि नखे या जागी तो आढळण्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते. आपल्या वर्णात अनेक नखांवर फिकट तपकिरी उभ्या रेषा वयाप्रमाणे सहज दिसतात आणि त्या बहुधा निरुपद्रवी असतात, त्यामुळे प्रत्येक रेषेने घाबरून जाऊ नये. फरक ओळखायला वेळ हीच कसोटी आहे. साकळलेले रक्त नखाला चिकटलेले असते, म्हणून नखाबरोबर ते पुढे सरकते आणि त्याच्या मागे मुळाशी स्वच्छ नख दिसू लागते. डागाच्या मागच्या कडेशी नखावर कानशीने बारीक खूण करावी, शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर छायाचित्र काढावे आणि महिन्या-दीड महिन्याने त्याच उजेडात पुन्हा काढावे. खूण आणि डाग दोन्ही बरोबरीने पुढे गेले असतील तर ते रक्त आहे. खूण पुढे गेली आणि डाग मुळाशी तसाच राहिला किंवा रुंदावला, रंग नखाच्या बुडाच्या कातडीवर उतरला, अथवा मार बसल्याचे काहीच आठवत नसताना एकाच नखावर काळा पट्टा उमटला, तर त्यावर नेलपॉलिश लावून वाट पाहू नये. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या प्रकाशाच्या भिंगाने, तो पट्टा पाहतात आणि शंका उरली तर नखाच्या मुळातून लहानसा तुकडा काढून तपासणीला पाठवतात.